सासूबाईंचं ऑक्सिजन मशीन, लाईटबिल आणि नातीचं लग्न

पत्र: माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. विडी कधी ओढली नाही, पण सारा जन्म चुलीपुढे गेला. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार, सांगितलाय. गेल्या पावसाळ्यात दहा दिवस दवाखान्यात होत्या. घरी सोडताना मिनिटाला २ लिटरने रोज १६ तास ऑक्सिजन लावायला सांगितला, म्हणून हवेतून ऑक्सिजन काढणारं ५ लिटरचं मशीन घेतलं. पण त्या म्हणतात, "सवय लागंल, मग सुटायचं न्हाई." दम लागला की तासभर लावतात, नाहीतर बंद. बिलाचीही त्यांना काळजी. लाईट गेली की आमची धांदल उडते. वैशाखात पुण्याला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. कराडजवळच्या आमच्या गावाहून गाडीने साडेतीन-चार तास लागतात. त्यांना जायचंच आहे. दुकानदार म्हणतो, पोर्टेबल मशीन घ्या. इंटरनेटवर तर २५-३० हजारांत दिसतं. घ्यावं का? आणि त्यांना नेणं बरं का?

उत्तर:

ताई, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर त्यांना लग्नाला जरूर न्या. पण त्याची तयारी घरच्या मशीनपासून सुरू करावी लागेल. रोज तास-दीड तास ऑक्सिजन घेऊन वैशाखात प्रवास करायचा म्हटलं तर त्या पुण्यात पोचेपर्यंतच थकून जातील.

आधी सवयीचं बोलू. ऑक्सिजनचं व्यसन लागत नाही. आजाराने फुफ्फुसं हवेतून पुरेसा ऑक्सिजन उचलू शकत नाहीत, तेवढी तूट मशीन भरून काढतं, इतकंच. ही तूट तशीच राहिली तर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि पायांवर सूज चढायला लागते. हे सगळं दम न लागताही आतल्या आत चालू असतं. म्हणून दम लागला की ऑक्सिजन, दम गेला की बंद, हा हिशेब चुकतो. या आजारात ऑक्सिजनची गणती तासांवर असते. १९८१ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ रुग्णांपैकी पाच वर्षांत १९ दगावले आणि न घेणाऱ्या ४५ पैकी ३० दगावले. डॉक्टर १५-१६ तासांचा आग्रह धरतात तो यामुळेच. सासूबाईंना हेच त्यांच्या भाषेत सांगा: मशीन दम घालवायला नाही, काळजासाठी आहे.

सोळा तास ऐकायला फार वाटतात. पण रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा झोपेत नऊ तास होतात. दुपारचं जेवण आणि वामकुक्षी मिळून तीन, आणि संध्याकाळी टीव्हीपुढे किंवा भाजी निवडत चार. मशीनवर बहुधा तासांचा काटा असतो, गाडीच्या किलोमीटरसारखा. रोज रात्री आठ वाजता त्यावरचा आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. कालचा आकडा आजच्यातून वजा केला की मशीन किती तास चाललं ते कळतं.

आता बिल. मशीनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅटचं असतं. १६ तासांना साडेपाच-सहा युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १७० युनिट. महावितरणचा दर १०० युनिटनंतर वरच्या टप्प्यात जातो, त्यामुळे बिल वाढलेलं नक्की दिसेल. हे घरात आधीच बोलून घ्या, नाहीतर त्या गुपचूप मशीन बंद करत राहतील. बंद ठेवल्याने मशीनही वाचत नाही. आत झिओलाइट नावाचे खडे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. मशीन महिनोन्‌महिने बंद राहिलं, विशेषतः पावसाळ्यात, की हे खडे ओल धरतात आणि शुद्धता उतरते. तुमचं मशीन बहुतेक वेळ बंदच असल्यामुळे विक्रेत्याला बोलावून एकदा शुद्धता मोजून घ्या. चांगलं मशीन ९० टक्क्यांच्या वर देतं. मोजायचं छोटं यंत्र त्याच्याकडे असायला हवं. नसेल तर दुसरा माणूस बघा.

मशीन भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा. पडदा, गादी, कपड्यांचा ढीग त्याला चिकटू देऊ नका. थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. मागची जाळी आठवड्याला साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवा. ओली जाळी ओल आत ओढते. मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी दोन खुणांच्या मध्ये भरा आणि रोज बदला. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात आणि तीच हवा छातीत जाते.

"मशीन चालू आहे पण वारं लागत नाही" ही तक्रार बहुतेक घरांत येते. तेव्हा नळीची नाकातली टोकं पाण्याच्या पेल्यात बुडवा. बुडबुडे आले तर ऑक्सिजन पोचतोय. बाटलीत बुडबुडे आहेत पण पेल्यात नाहीत, तर बाटली आणि नाक यांच्या मध्ये कुठेतरी गळती आहे किंवा नळी दुमडली आहे. बाटलीतही नसतील तर झाकणाचे आटे बघा. घाईत झाकण तिरकं बसतं आणि सगळा ऑक्सिजन तिथूनच निसटतो. झाकण नीट बसलंय का हे पाहायला नळी बाटलीजवळ चिमटीत दाबून धरा. बाटली शिट्टीसारखा आवाज करायला लागली तर झाकण ठीक आहे. मशीनवरच्या उभ्या नळीत लिटर दाखवणारी गोळी असते, ती वाचताना डोळे गोळीच्या पातळीत आणा आणि रेघ गोळीच्या मध्यावर धरा. वरून उभ्याने पाहिलं तर आकडा चुकीचा दिसतो.

गोळी मात्र मनाने वर चढवू नका. सीओपीडीत बोटाच्या मशीनवर (रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं ऑक्सिमीटर) साधारण ८८ ते ९२ हा आकडा पुरे असतो, डॉक्टरांनी वेगळा सांगितला असेल तर तो. ९८ दिसावा म्हणून चार-पाच लिटर सोडला तर काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं जड होतं, दिवसा गुंगी येते, हात थरथरतात, आणि घरच्यांना वाटतं की आज छान झोप लागली. ही झोप धोक्याची असते.

एक काम लग्नाआधी करायलाच हवं. आजारपणात घरी सोडताना लिहून दिलेला ऑक्सिजन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा असतो. काहींची फुफ्फुसं तोवर सावरतात, काहींना लिटर बदलावे लागतात. तुमची ही तपासणी झाल्याचं पत्रात दिसत नाही. छातीच्या डॉक्टरांकडे मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन होणारी तपासणी करून घ्या आणि सासूबाईंना चालवूनही बघायला सांगा. बसून २ लिटर पुरणाऱ्याला चालताना जास्त लागू शकतो. हा चालतानाचा आकडा वेगळा लिहून घ्या, पुण्यात तोच लागेल. याच भेटीत फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचं विचारा, आणि सासूबाईंना औषधाचा पंप (इन्हेलर) डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवायला सांगा. पंप चुकीचा ओढला जाणं फार सर्रास आहे.

आणि चूल. गॅस आला तरी आपल्याकडे आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं, आणि मशेरी लावणाऱ्या घरात तव्यावर तंबाखू भाजली जाते. ज्या धुराने हा आजार झाला तोच धूर अजून रोज सकाळी घरात असेल तर औषधाला काही अर्थ उरत नाही. पाणी गॅसवर किंवा हीटरवर तापवा. मशेरी सुटली तर उत्तमच, तोवर निदान ती घरात भाजली जाऊ देऊ नका.

लाईट जाण्याला दोन उपाय हवेत, एकावर विसंबू नका. पहिला इन्व्हर्टर. तो प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मशीनची मोटर तापते आणि घरघरते. १५० अँपिअर-तासाच्या नव्या बॅटरीवर फक्त मशीन चालवलं तर तीन-साडेतीन तास मिळतात, पंखा-टीव्ही जोडला तर कमी. चार वर्षांच्या जुन्या बॅटरीकडून निम्म्याचीही खात्री धरू नका. दुसरा उपाय बी टाइप सिलिंडर. तो अनामत भरून भाड्याने मिळतो आणि प्रवासालाही हाच लागेल. लाईट गेली की मशीन ओरडतं. नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावायला दोन मिनिटं लागतात, आणि २ लिटरवर असलेल्या, शांत बसलेल्या माणसाला तेवढ्यात सहसा काही होत नाही. दुपारी सगळे घरी असताना हे दोन-तीनदा करून बघा. रात्री अंधारात पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

सिलिंडर घेताना रंग बघा: अंग काळं आणि खांदा पांढरा असेल तर तो वैद्यकीय ऑक्सिजन. सगळाच काळा सिलिंडर कारखान्याचा असतो, तो घेऊ नका. सोबत एफए व्हॉल्व्ह (ऑक्सिजन कमी-जास्त करायचा), वॉशर आणि पाना घ्या आणि दुकानातच जोडून चालवून बघा. जोडण्याआधी सिलिंडरचं तोंड आपल्यापासून दूर धरून क्षणभर उघडा आणि बंद करा, म्हणजे आतली धूळ उडते. मग व्हॉल्व्ह बसवून पाना हळूहळू एक आटा फिरवा. झटक्याने कधीच नको. गळती बघायला दाबाचा काटा वर आल्यावर पान्याने सिलिंडर बंद करा, गोळीही बंद ठेवा. दहा मिनिटांत काटा खाली आला तर वॉशर बदला. आट्यांना खोबरेल, ग्रीस, व्हॅसलिन काहीही लावायचं नाही, तेलकट हातही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. नाक कोरडं पडतं म्हणून सासूबाईंनाही व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब वापरा. कानामागे नळी काचते तिथे कापसाची छोटी गुंडाळी ठेवा.

आता प्रवासाचं गणित. बी टाइप सिलिंडर साधारण १० लिटर पाण्याच्या मापाचा असतो आणि पूर्ण भरल्यावर काटा १५० च्या आसपास येतो. माप गुणिले काटा म्हणजे आतला ऑक्सिजन: १० गुणिले १५०, म्हणजे १५०० लिटर. यातले शेवटचे ३० राखीव धरा. उरलेला १२०, म्हणजे १२०० लिटर; मिनिटाला २ लिटरने ६०० मिनिटं, दहा तास. चार तासांची वाट कात्रजच्या वाहतुकीत सहा तासांची झाली तरी पुरतो. पण काटा ७५ वर असताना निघालात तर हाती पावणेचार तासच राहतात. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी सिलिंडर भरून आणा आणि काटा स्वतः बघा, "भरलाय" या शब्दावर जाऊ नका.

सिलिंडर गाडीत मागच्या सीटपुढच्या जागेत आडवा ठेवून दोन्ही बाजूंना घोंगड्या ठासा, ब्रेक लागला की गडगडायला नको. व्हॉल्व्ह कुणाच्या पायाखाली येऊ देऊ नका. बाटलीत पाणी भरू नका, हेलकाव्यांनी ते नळीत चढतं. २ लिटरला काही तास कोरडा ऑक्सिजन चालतो. काच दोन बोटं खाली ठेवा, गाडीत कुणीही विडी-सिगारेट पेटवायची नाही, आणि वैशाखाच्या उन्हात बंद गाडीत सिलिंडर सोडून हॉटेलात जेवायला जायचं नाही. घरचं मशीन डिकीत उभं बांधून घेऊन चला. ते गाडीच्या लायटरच्या सॉकेटवर चालणार नाही. तिथे साधारण १२० वॅट मिळतात आणि मशीनला ३५० लागतात. नणंदेच्या घरी पोचलात की लावा, दहा मिनिटं चालवून पेल्याची चाचणी करा, आणि मुक्कामाची खोली तळमजल्याची किंवा लिफ्टची मागा.

पोर्टेबल मशीनचं म्हणाल तर ते चांगलं असतं, पण तुमच्या एका प्रवासासाठी आज घेऊ नका. चांगलं, अडीच किलोच्या आसपासचं बॅटरीचं मशीन लाखाच्या वर जातं. त्यातली बहुतेक श्वास ओढला की तेवढ्यापुरता झोत सोडतात. त्यावरचा "२" हा २ लिटर नव्हे, ते फक्त बटणाचं नाव आहे. तोंडाने श्वास घेणाऱ्याला किंवा झोपेत उथळ श्वास घेणाऱ्याला ते झोत चुकतात, म्हणून डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय ते रात्री वापरायचं नाही. घ्यायचंच झालं तर आधी भाड्याने आणा, ते लावून सासूबाईंना सहा मिनिटं चालायला लावा आणि बोटाच्या मशीनचा आकडा ८८ च्या वर राहतोय का बघा. इंटरनेटवरच्या २५-३० हजारांच्या "१ ते ७ लिटर" मशीनपासून दूरच राहा. अशा मशीनची पत्रिका नीट वाचली तर १ लिटरला ९३ टक्के आणि ७ लिटरला ३० टक्के असं लिहिलेलं सापडतं. साध्या हवेतच २१ टक्के ऑक्सिजन असतो, तेव्हा पैसे कशाचे दिले ते बघा. बाटलीबंद ऑक्सिजनचे स्प्रे तर काही मिनिटांतच संपतात. हॉलसाठी खांद्याला अडकवायचा छोटा ॲल्युमिनियमचा सिलिंडर भाड्याने घ्या. १.७ लिटर मापाचा, काटा १४०, राखीव २० धरला तर २ लिटरने शंभर मिनिटं. अक्षता आणि जेवणाला तेवढा पुरतो.

हॉलमध्ये जपायचं ते विस्तवाला. ऑक्सिजन लावलेल्या माणसाने होमापासून, समईपासून, आचाऱ्याच्या शेगड्यांपासून दहा फूट तरी लांब बसायचं, आणि धुराच्या वाऱ्यात तर मुळीच नाही. पण खरी चूक औक्षणात होते. आजी आली म्हणून कुणीतरी प्रेमाने ताट घेऊन पुढे येतं, निरांजन चेहऱ्याभोवती फिरतं, आणि नाकातली नळी त्या ज्योतीपासून वीतभर अंतरावर असते. नळी पेटली तर चेहरा आणि श्वासनलिका भाजते. "मिनिटभर नळी काढू" हाही उपाय नाही, कारण पदरात आणि लुगड्याच्या घड्यांत ऑक्सिजन काही मिनिटं साठून राहतो. ताटात निरांजन न लावता हळदकुंकू आणि अक्षतांनी ओवाळा. हे नणंदेला आणि लेकीसुनांना आधीच सांगा, त्या वेळी आयत्या क्षणी कुणाला थांबवता येत नाही. घरातही देवघरातला दिवा आणि उदबत्ती वेगळ्या खोलीत हलवा, आणि नळी नाकातून काढली की अंथरुणावर न टाकता मशीन बंद करा.

मेंदीच्या दिवशी एका बोटाचं नख कोरं ठेवा. नखावर मेंदी किंवा पॉलिश असलं की बोटाच्या मशीनचा आकडा चुकू शकतो. हात गार असतील तर चोळून ऊब आणा आणि आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावरच वाचा.

लुगडं नेसणं आणि आंघोळ ही दोन कामं त्यांचा सगळ्यात जास्त दम खातात, कारण हात वर जातात आणि कंबर वाकते. आंघोळ पाटावर नको, उंच स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, दार जरा उघडं ठेवून आणि नळी लावूनच. मशीन बाहेर कोरड्या जागी, लांब नळी भिंतीच्या कडेने आत. निऱ्या तुम्ही करून द्या, त्यांनी खुर्चीवर बसून खोचाव्यात. वाकायचं, उचलायचं, पायरी चढायची ती श्वास सोडताना. दम लागला की मेजावर कोपरं टेकवून पुढे झुकायचं, नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सोडायचा, दिव्यावर फुंकर घालताना ज्योत हलावी पण विझू नये इतका हलका. हे दम नसताना रोज दहा मिनिटं घोटा, तरच वेळेला जमतं. लग्नाच्या पंगतीत पोटभर बसवू नका, भरलेलं पोट फुफ्फुसाला वर दाबतं. दोन घास आधी, दोन घास नंतर.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागतोय असं दिसलं तर आधी डॉक्टर, मग लग्न. ऑक्सिजन चालू असूनही बसल्या जागी आकडा ८८ च्या खाली राहिला, ओठ निळसर दिसले, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा हाक मारून नीट जाग येईना, तर १०८ ला फोन करा आणि "सीओपीडी आहे, २ लिटरवर आहेत" हे पहिल्या वाक्यात सांगा. पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी, पंप आणि त्याला जोडायचा स्पेसर, चार दिवसांची जास्तीची औषधं, एक नवी नळी, दोन वॉशर आणि पाना असू द्या. नणंदेला आजच फोन करून विचारा, त्यांच्या घराजवळ छातीचा विभाग असलेलं कोणतं हॉस्पिटल रात्री उघडं असतं, आणि सिलिंडर भरून कुठे मिळतो.